तारण, खंडणी, जकातदार: आपली धर्मभाषा आता बदलायला नको का?

सुरंगी
रविवारी मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेनंतर, मी आमच्या चर्चमध्ये धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. वेंगुर्ल्याच्या बाजूला. मुलं पहिल्या कम्युनियनच्या तयारीतली, तिसरी-चौथीची. घरी मालवणी नाहीतर कोंकणी, शाळेत सेमी-इंग्रजी, मोबाइलवर हिंदी. आमच्या पुस्तिकेतली मराठी यांतल्या कशातच बसत नाही.

'येशू आपले तारण करतो' असं फळ्यावर लिहिलं की मुलांना बाजारपेठेतला 'सोने तारण कर्ज' हा फलक आठवतो. त्यांचं काय चुकलं? चर्चमध्ये तारण म्हणजे पापातून सुटका, पण आज बोलीत तारण म्हणजे गहाण ठेवलेली वस्तू. येशूचा शिष्य मत्तय जकातदार होता म्हणावं, तर जकात नाका या पोरांनी पाहिलेलाच नाही. मुंबईतलीसुद्धा जकात १ जुलै २०१७ ला जीएसटीबरोबर गेली. आणि बायबलमध्ये मत्तय २०:२८ ला मनुष्याचा पुत्र, म्हणजे येशू, आपला जीव 'खंडणी' म्हणून द्यायला आला, असं वाचायचं. खंडणी कोण मागतं आणि फोन कुठून येतो हे पेपर न वाचणाऱ्यालाही ठाऊक आहे.

माझं मत स्पष्ट आहे. हे शब्द बदलावेत, निदान मुलांच्या पुस्तिकेत तरी. आमच्या पॅरिश कौन्सिलमधले ज्येष्ठ म्हणतात, शब्द पवित्र आहेत, हात लावू नका. तुमच्याकडे काय चालतं? कॅथलिक, प्रोटेस्टंट, बाकीचेही, सगळ्यांनी लिहा.

आगाऊ_अंतू
येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतली 'आम्हांला परीक्षेत आणू नकोस' ही ओळ मात्र ठेवा. कॉन्व्हेंटात होतो, दहावीच्या वर्षी तेवढी एकच प्रार्थना मनापासून केली. (दिवे घ्या.)

निशिगंधा_देवगड
वाचतेय. आमच्याकडे सत्यनारायणाला भटजी काय म्हणतात ते तरी कुणाला कळतं? शिरा मिळाल्याशी कारण.

कुपारी_वसई
सुरंगीताई, विषय चांगला काढलात, पण मला अर्धाच पटला.

आमची आजी लॅटिन मिस्साच्या काळातली. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ चालली. लोकभाषेत उपासना करायला वाट देणारा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ चा. त्याआधी आजीची पिढी 'पातेर नोस्तेर' (तीच येशूची प्रार्थना, लॅटिनमध्ये) धडाधड म्हणायची, अर्थ विचारला तर 'देवाला कळतो' एवढंच उत्तर. मराठी आल्यावर तिला आनंद झाला का? अजिबात नाही. म्हणाली, आता फादर काय बोलतात ते कळतं, त्यामुळे झोप लागत नाही.

सांगायचं असं की कळणं आणि भिडणं यांचा हिशेब सरळ नाही. इंग्रजीवाल्यांनी तर उलटी गंगा वाहवली. २०११ च्या आगमनकाळापासून (नाताळआधीचे आठवडे) इंग्रजी मिस्साची भाषा लॅटिनच्या जास्त जवळ नेली, म्हणजे अधिक अवघड केली. श्रद्धांगिकारात, म्हणजे 'मी मानतो' या कबुलीत, येशू आणि पिता एकाच तत्त्वाचे हे सांगायला आधी सोपं वाक्य होतं, तिथे आता 'कन्सबस्टॅन्शियल' म्हणतात. वसईत नवीन टॉवरमध्ये राहायला आलेली मंडळी इंग्रजी मिस्साला जातात, आमची कॉलेजची पोरंही त्यांच्या मागून. त्यातल्या एकाला मी त्या शब्दाचा अर्थ विचारला. म्हणाला, अंकल, इट्स फाइन.

मराठी अवघड म्हणून पोरं जात नाहीत. तिकडे गिटार आहे म्हणून जातात.

पाळकाची_लेक
आम्ही प्रोटेस्टंट, त्यामुळे आधी शब्दांची सरमिसळ सोडवते. तुमचा स्नानसंस्कार तो आमचा बाप्तिस्मा, तुमची ख्रिस्तसभा ती आमची मंडळी, तुमचे फादर ते आमचे पाळकसाहेब, तुमची मिस्सा ती आमची उपासना (सगळं तंतोतंत नाही, वाद घालू नका). एकाच तालुक्यात दोन धर्मभाषा नांदतात. मग 'पवित्र शब्द' नेमके कुणाचे?

आणि बदल आपल्याला नवा नाही. ना. वा. टिळक रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, जन्म १८६१. १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि मिशनऱ्यांच्या भाषांतरित गाण्यांच्या जागी अभंग, भजन, कीर्तन आणलं. ख्रिस्ताला आई म्हटलं, गुरू म्हटलं. शेवटी 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला असा भेद ठेवला नाही. तेव्हाही लोक म्हणालेच असतील, की ही भाषा आपली नव्हे. आज आमच्या उपासनेत सगळ्यात जुनं आणि सगळ्यात आपलं वाटतं ते टिळकांचंच.

पंडिता रमाबाईंनी याच्या उलट वाट धरली. हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल स्वतः मराठीत आणलं. साध्या बायकांना वाचून कळावं म्हणून जड संस्कृत टाळलं. १९२४ साली ते छापून निघालं तेव्हा बाई हयात नव्हत्या. टिळकांना वारकऱ्यांचे शब्द हवेसे वाटले, रमाबाईंना परंपरेच्या ओझ्याचे शब्द नकोसे. दोघंही मराठी, दोघंही आमचेच. तुमच्या कौन्सिलला विचारा, यांतला पवित्र शब्द कुठला.

आगाऊ_अंतू
धागा शंभरी गाठणार. पॉपकॉर्न घेतले.

मास्तर_निवृत्त
पाळकाची_लेक यांनी चांगली माहिती दिली, त्यात थोडी भर. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट. त्याचं ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं, रोमन लिपीत. दहा हजारांवर ओव्या. त्यात स्वर्गाला वैकुंठ म्हटलं आहे. म्हणजे ४०० वर्षांपूर्वी इंग्लंडहून आलेल्या माणसाला कळलं होतं की इथल्या माणसाशी इथल्या शब्दांत बोलावं. पुढे वैकुंठ गेला आणि स्वर्ग राहिला. शब्द येतात, काही टिकतात, काही जातात. समिती नेमून हे होत नाही.

परंतु सुरंगीताईंच्या मूळ म्हणण्याला माझा विरोध आहे. ३४ वर्षं मराठी शिकवलं. मुलं 'ऑफसाइड' शिकतात, 'ईएमआय' शिकतात, रील बनवायचे सतरा शब्द शिकतात. त्यांना संदेष्टा, नीतिमान, प्रायश्चित्त हेच जड का व्हावं? कुणी समजावून सांगत नाही म्हणून. शब्द काढून टाकणं हा शिक्षकाचा आळस आहे. राग नसावा.

सुरंगी
मास्तर, राग नाही, पण आळस म्हणालात म्हणून लिहिते. माझ्याकडे आठवड्याला पाऊण तास असतो. त्यात दहा मिनिटं हजेरी आणि भांडणं. उरलेल्या वेळात मी तारण शब्दाचा इतिहास सांगू की येशूची गोष्ट? संदेष्टा मी ठेवतेच. तो शब्द बायबलबाहेर कुठे भेटत नाही, त्यामुळे कोरा आहे, शिकवला की शिकतात. माझी तक्रार अशा शब्दांबद्दल आहे ज्यांचा अर्थ बाजारात बदलला आणि आपण चर्चमध्ये जुनाच धरून बसलो. मुलाला शब्द अनोळखी असला तर तो विचारतो. ओळखीचा वाटला तर विचारतसुद्धा नाही, चुकीचा अर्थ घेऊन घरी जातो.

निशिगंधा_देवगड
हे पटलं. +१

रापणकर
सगळे मोठे मोठे लोक बोलले, आता माका बोलूक देवा. बाकीचा मराठीत लिहितंय, नायतर वेबमास्तर वरडतलो.

आम्ही रापणीवाले. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: होडी जाळं घेऊन दर्यात अर्धा फेरा मारते, दोन्ही टोकं किनाऱ्यावर. मग दोन्ही बाजूंनी माणसं दोर धरतात आणि ओढत आत आणतात. बाया, पोरं, कोणी पाव्हणा आला असेल तो पण. ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा असतो. जाळं वाळूवर आलं की सगळे खाली बसतात आणि निवड सुरू. बांगडा एकीकडे, तारली एकीकडे, मोरी (लहान शार्क) वेगळी. खेकडा सुटलेला असतो, जेलीफिश हाताला डसते, आणि आता प्लास्टिकची पिशवी पण येते. नको ते टाकायचं.

मागे एकदा आमच्या फादरांनी मत्तय १३ मधला जाळ्याचा दाखला (येशूची बोधकथा) वाचला आणि प्रवचनात म्हणाले, ही रापण आहे. ग्रीकमध्ये इथे जो शब्द आहे तो किनाऱ्यावर ओढायच्या मोठ्या जाळ्याचाच, आणि येशूचे शिष्य पेत्र व अंद्रेय मत्तय ४ मध्ये टाकत होते ते हाताने फेकायचं, म्हणजे पाग. आपल्या मराठीत दोन्हीकडे नुसतं 'जाळे'. देवाशप्पथ सांगतो, मागे उभे राहून मोबाइल बघणारे पुरुष पण आत सरकले. दाखल्यात 'बसून' निवडलं असं लिहिलंय. ते बसणं आम्हाला माहीत आहे, कंबर मोडते.

तर माझं म्हणणं, नवीन शब्द मुंबई-पुण्याहून आणू नका. इथे पडलेत ते उचला.

कुपारी_वसई
रापणकर, टाळ्या! तुमच्या फादरांना आमच्याकडे रिट्रीटला पाठवा.

शनवार_तेली
अलिबागकडचा बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला मराठी यहुदी, त्यामुळे पाहुणा म्हणून बोलतो. त्या दाखल्यातली 'वाईट' मासळी म्हणजे सडलेलीच असं नाही. आमच्या शास्त्रात ज्याला खवले आणि पर नाहीत तो मासा निषिद्ध. त्यामुळे गालील समुद्रावरचा यहुदी कोळी बसून निवडत होता तो खवलेवाला ठेवायला आणि बिनखवल्याचा टाकायला, असाही अर्थ लावतात. आमच्या घरी आजही कोळंबी नाही, मोरी नाही.

रापणकर
मोरी टाकली?? मग त्या स्वर्गात जाऊन करायचं काय?

आगाऊ_अंतू
धाग्याचा निकाल लागला. मोरीचं मटण आणि स्वर्ग यांत निवड करायची असेल तर माझं मत नोंदवा.

वेबमास्तर
मासळीसाठी पाककृती विभाग आहे. मूळ विषयावर या.

शनवार_तेली
विषयावरच येतो. आमच्याकडे प्रार्थना हिब्रूत आणि कीर्तन मराठीत, हे फार आधीपासून. मलिद्याच्या, म्हणजे नवस-आभाराच्या विधीच्या, वेळी एलियाहू हनवीचं (एलिया संदेष्ट्याचं) नाव हिब्रूतच घेतो, ताटात पोहे, गूळ, खोबरं, फळं इथलीच. दोन भाषांनी कामं वाटून घेतली आहेत, त्यामुळे भांडण होत नाही. तुमच्याकडे एकाच मराठीवर दोन्ही कामं पडली.

बाणकोटी
'अब्बा, बापा' असं बायबलमध्ये आहे ना कुठेतरी? एका मित्राच्या लग्नात ऐकलं होतं. आमच्या घरात ती हाक दिवसातून पन्नास वेळा जाते, बहुतेक वेळा पैशांसाठी. येशूपण वडिलांना अब्बाच म्हणायचे हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं.

पाळकाची_लेक
हो, मार्क १४:३६. गेथशेमाने बागेत, अटकेच्या आधी. तो आरामी शब्द तसाच ठेवलाय. आणि बघा, शेजारी 'बापा' आहे, 'हे पिताश्री' नाही. बायबल 'पुस्तकी' आहे असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हेही वाचावं.

कोर्लईकर
आमची गोष्ट वेगळीच. रेवदंड्याच्या समोर कोर्लई. १७४० मध्ये पोर्तुगीज चौल सोडून गेले, आम्ही राहिलो. घरात बोलतो ती 'नौ लिंग', म्हणजे 'आमची भाषा', पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली. पोर्तुगीज पाद्री होते तोवर चर्च पोर्तुगीजमध्ये, मग मराठीत. म्हणजे आम्ही ज्या भाषेत भांडतो, रडतो, त्या भाषेत देवाशी चर्चमध्ये कधीच बोललो नाही. तारण की मुक्ती हा तुमचा वाद आम्हाला शेजारच्या घरातला वाटतो. कोणता शब्द ठेवायचा ते ठरवा, आम्ही पाठ करू, आजवर केलंच आहे.

चिपळूणचा
इथे कुणी न बोललेली एक बाजू मांडतो. सोपं-अवघड जाऊ द्या. काही शब्द लागतात. दाखल्यांमध्ये पानोपानी 'धनी' आणि 'दास', 'चाकर'. वरच्या आळीत वाढलेल्याला ती गोष्ट वाटते. माझे पणजोबा खोताच्या जमिनीवर राबले. खोती मोडायचं विधेयक बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडलं आणि कायदा व्हायला स्वातंत्र्य यावं लागलं. आमच्या घरात 'धनी' हा शब्द खोतासाठीच होता. देवाला धनी म्हणायचं आणि मी दास म्हणून गुडघे टेकायचे, हे मला तरी जड जातं. ज्या घराने धर्म बदलला तोच मुळी ही भाषा नको म्हणून.

मास्तर_निवृत्त
चिपळूणचा, आपल्या म्हणण्याचा आदर आहे. पण मूळ ग्रीकमध्येच गुलाम असा शब्द आहे. तो गुळगुळीत केला तर प्रेषित पौलाने स्वतःला ख्रिस्ताचा दास म्हणवून घेण्यातला दाहच जातो. शिवाय द्राक्षमळ्याच्या दाखल्यात धनी संध्याकाळी पाच वाजता आलेल्यालाही पूर्ण दिवसाची मजुरी देतो. असा खोत आपल्या पणजोबांनी पाहिला होता का? नाही ना? दाखला तिथेच तर चावतो.

चिपळूणचा
मास्तर, युक्तिवाद चांगला आहे. पण तो प्रवचनात कुणी सांगितला तर ना! आमच्याकडे त्या दाखल्यावर दरवेळी 'कुरकुर करू नका' एवढंच ऐकायला मिळतं. कोण कुणाला सांगतंय ते बघा. मी काही शब्द खोडा म्हणत नाही. वाचणाऱ्याने कुणासमोर वाचतोय याचं भान ठेवावं.

निशिगंधा_देवगड
हा या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रतिसाद. मी ख्रिस्ती नाही, तरी सेव्ह करून ठेवतेय.

वाचक_आळीतला
मी चर्चमध्ये पहिलं वाचन करतो. अर्थाबिर्थाचं नंतर बघा, आधी 'थेस्सलनीकाकरांस' माईकवर एका दमात म्हणून दाखवा. बाकी पौलाची पत्रं ज्यांना गेली ते सगळे आपलेच वाटतात. करिंथकर, इफिसकर, कलस्सैकर. मालवणकर, पेडणेकरांच्या पंगतीत बसवा, कुणाला शंका येणार नाही.

आगाऊ_अंतू
आणि गलतीकर! त्यांचं गाव कुठलं ते विचारू नका, प्रत्येक वाडीत दोन घरं आहेत.

कुपारी_वसई
हसून हसून पुरेवाट.

आमच्याकडच्या कामाचाही उल्लेख राहायला नको. फादर फ्रान्सिस दिब्रिटो, 'सुवार्ता' मासिकाचे माजी संपादक, उस्मानाबादच्या २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, २०२४ मध्ये वारले. त्यांनी सुबोध बायबल केलं. ज्यांना जुनं भाषांतर जड वाटतं त्यांनी ते घ्यावं, मुलांच्या पुस्तिकेला उतारे तिथून मिळतील. आणि अंतूच्या परीक्षेच्या ओळीवरून आठवलं. फ्रेंच कॅथलिकांनी ३ डिसेंबर २०१७ पासून नेमकी तीच ओळ बदलली. आधीच्या शब्दांत देवच माणसाला मोहात घालतो असं ध्वनित व्हायचं, आता 'मोहात पडू देऊ नकोस' अशा अर्थाचे शब्द आहेत. इटालियनमध्ये २०२० ला बदल झाला. तेव्हा रोजच्या प्रार्थनेला हात लागतच नाही असं पॅरिश कौन्सिलने म्हणू नये.

पाळकाची_लेक
तो बदल भाषेचा कमी आणि देव कसा आहे याबद्दलचा जास्त. मूळ ग्रीक शब्दात कसोटी आणि मोह दोन्ही आहेत. मराठीत 'परीक्षा' घेतल्यामुळे कसोटीची बाजू तरी शाबूत राहिली. मी ती ओळ ठेवीन. अंतूसाठी नव्हे.

सडेतोड
शब्द बदलून लोक परत येतील या भ्रमात राहू नका. लोक येतात बाप्तिस्म्याला, लग्नाला, मयताला. बाकी रविवारी क्रिकेट.

सुरंगी
सडेतोड, कोण परत येईल हा माझा प्रश्नच नाही. जी वीसेक मुलं दर रविवारी समोर बसतात त्यांच्याशी नीट बोलायचं आहे.

फादरांशी काल बोलले. मिस्साचे शब्द धर्मप्रांताकडून येतात, ते आमच्या हातात नाहीत आणि मी ते मागतही नाही. मुलांच्या पुस्तिकेपुरतं ठरलं ते असं. 'तारण' पहिल्या धड्यात येणार नाही. तिथे 'येशू आपल्याला वाचवतो, सोडवतो' असं क्रियापद येईल आणि शब्द शेवटच्या धड्यात भेटेल, बँकेच्या फलकासकट समजावून. जकातदाराच्या जागी 'रोमी सरकारसाठी कर गोळा करणारा', लांबलचक आहे पण चालेल. जाळ्याच्या दाखल्याला 'रापण' आणि सोबत चित्र. धनी-दासाचा दाखला चिपळूणच्या दादांनी म्हटलंय तसा, मजुरांच्या बाजूने सांगायचा. संदेष्टा, प्रायश्चित्त, नीतिमान राहतील, मास्तर खूश.

'खंडणी'चं घोडं अडलंय. फादर म्हणतात 'मोल', मला 'सोडवणुकीची किंमत' बरं वाटतं.

मास्तर_निवृत्त
'मोल' घ्या. दोन अक्षरं आहेत, मुलांच्या लक्षात राहील. आणि खुशी वगैरे नाही, 'तारण' पहिल्याच धड्यात हवा होता.

रापणकर
चित्र काढूक कोण गावलो नाय तर सांगा. माझ्या चेडवाचा हात बरा आसा. मोरी पण काढूक सांगतंय, टाकलेली नाय, ठेवलेली.

शनवार_तेली
चित्राखाली बारीक अक्षरात तळटीप माझ्याकडून.

पाळकाची_लेक
पुस्तिका झाली की पीडीएफ इथे टाका. आमचा संडे स्कूल जूनमध्ये सुरू होतो. 'मिस्सा'चं 'उपासना' आम्ही आमचं करून घेऊ.